योरिसची गोडी उडाली तेव्हा

मंडळी, सरसावून बसा! आज एकच प्रश्न. एखाद्या गोष्टीवर आपण वर्षानुवर्षं जीव टाकला — आणि एके दिवशी तिची गोडीच उडाली. मग आधीचं प्रेम खोटं होतं का? सांगा! पेटीवाले गोविंदराव मान हलवतायत — हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाच ठाऊक!

तर ऐका. हॉलंड देश. गावोगाव कालवे, कालव्यांवर उघडणारे पूल. बोट आली की पूल वर, गेली की खाली! असा एक पूल सांभाळायला होता योरिस. वय चव्वेचाळीस. आणि वेड कसलं? जपानी व्हिडिओ गेमचं! हसताय? आधी आपापल्या घरात डोकावून या!

हा पंधरा वर्षांचा होता, तेव्हा आई चार महिने इस्पितळात. शाळेतून यावं तर घर गप्प. त्या दिवसांत एक जपानी खेळ हाती लागला. एक कोळीण हरवलेल्या भावाला शोधत बेटाबेटांवर हिंडते. योरिस तिच्यासोबत हिंडला — आणि तरला! खेळाची गोष्ट लिहिणारी बाई म्हणजे हात्सुए. पुढे त्यानं तिचा प्रत्येक खेळ खेळला. चाहत्यांचं मंडळ काढलं. अध्यक्ष झाला!

आणि गोडी गेली. भांडण नाही, तंटा नाही. बाईंचा नवा खेळ लावला — पुन्हा एक पोरगं जग वाचवायला निघालंय, पुन्हा तीच लांबलचक बोलणी — आणि याला जांभई! सहा तासांत बंद. पण सांगणार कुणाला? अध्यक्ष ना!

एवढ्यात निरोप आला — हात्सुएबाई मंडळाच्या मेळाव्याला येतायत! वय एकाहत्तर. स्वागताचं भाषण कुणी करायचं? योरिसनं!

स्टेशनावर तो फुलं घेऊन गेला. दोघं चहाला बसली. इंग्रजी दोघांचंही मोडकंतोडकं. बाईंनी विचारलं, "नवा खेळ खेळलास?"

"हो तर!"

"तो म्हातारा दीपगृहवाला मेला, तेव्हा वाईट वाटलं?"

"बाई, रडलो हो!"

बाईंनी कप खाली ठेवला. "तो मरत नाही रे."

काय झालं असेल त्याचं! कानाच्या पाळ्या लाल! मग मात्र बांध फुटला. "सहा तासांत सोडला, बाई. आधीचे दोनही अर्धेच राहिलेत. आता मन रमत नाही. ज्यांनी मला सांभाळलं, त्यांच्याशीच बेइमान झालो."

मंडळी, बाई हसल्या नाहीत. लागलं त्यांना. का नाही लागणार? तीन वर्षं खपून लिहिलेलं! मग म्हणाल्या, "आई कशी आहे तुझी?"

"बरी झाली. ऐंशीची आहे. रोज रागावते मला."

"मी पंधरा वर्षांच्या मुलासाठी लिहिलं होतं. तो मोठा झाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या खोट्या रडण्याचं जास्त वाटलं. आता कशात रमतोस?"

"पुलावर. बोटी बघत."

"चल, दाखव!"

मेळाव्यात योरिसनं सगळ्यांसमोर खरं सांगितलं, अध्यक्षपद सोडलं. दोघं-तिघं रुसले, रुसोत! दुसऱ्या दिवशी बाई पुलावर. त्यांनी कळ दाबली — अख्खा रस्ता उभा राहिला! खालून नावाडी हात हलवतोय. एकाहत्तर वर्षांची बाई टाळ्या पिटते — "पुन्हा! पुन्हा!"

"अहो बाई, बोट तर येऊ द्या!"

संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. आता पत्रं येतात जपानहून. खेळाचं अवाक्षर नाही. आज कुठली बोट गेली, एवढंच विचारतात!

मंडळी, गोडी जाते. तिच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही. त्यानं आधीचं प्रेम खोटं ठरत नाही. पण गोडी गेली म्हणून आपण माणसाला चुकवतो ना — तिथं चुकतो! गाणं सोडलंत, म्हणून गाणं शिकवणाऱ्या बाईंची गल्ली टाळता. तालीम सुटली, की वस्ताद दिसताच रस्ता बदलता. बदलू नका! जा, समोर बसा, खरं सांगा, चहा प्या. आणि उद्या माझ्या कीर्तनाचा कंटाळा आला, तर तोही तोंडावर सांगा — पण देवळाबाहेर भेटलात की हाक मारा हो! मी वाट बघेन.