शांत पाणी

सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन मी सोलापूरच्या स्टँडवर मंगळवेढ्याच्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची विमान चालवायला शिकलेली लेक बसल्या होत्या.

"आई, मालदीवच्या नोकरीचं आज हो का नाही ते कळवायचंय. तू तर चार दिवस गपच!"

"इमान पाण्यावरनं कशाला उडवायचं गं? जमीन संपली व्हय?"

"बेटं लहान हायत. धावपट्टीला जागाच न्हाय."

"आन् बुडलं म्हंजे?"

"चाकांच्या जागी होड्या असतात की. बुडायचं भ्या न्हाय, सुटायचं अवघड. पाणी धरूनच ठेवतं."

"ओल्या ओट्याला ताट चिकटतं, तसं?"

"अगदी तसं. मग आमी इमान एका अंगाला जरा कलवतो. एक होडी आदी सुटते, मग दुसरी."

"देवा! आन् वारं सुटलं, लाटा आल्या मग?"

"बारक्या लाटा असल्या तर बरंच. होडीखाली हवा शिरते. पाणी आरशागत शांत असलं की सोडतच न्हाय."

"म्हंजे खवळलेलं सोडतं आन् गप बसलेलं धरून ठेवतं?"

"खवळलेलं न्हाय गं, जरा हललेलं."

"तेच ते. मी गप बसायलाच नको हुतं. भांडायला पायजे हुतं."

"मग भांड की आता!"

"जा की भवाने, कुटं जायचं तितं! आन् त्यास्नी फोन लाव आदी, गाडी लागायच्या आत."