प्रकाशभाऊंची पक्की मतं

प्रकाशभाऊ आमदारकीला अपक्ष उभे राहिले होते ना, तेव्हाचं सांगतो. गाव सोडून परराज्यात, उधन्यात कापडाच्या लूमवर जन्म काढलेला माणूस, प्रचाराला आपल्याच खानदेशी गल्ल्यांत फिरला. दारोदार बायांनी ओवाळलं, चहा पाजला. भाऊंचं कपाळ कुंकवानं लालभडक झालं.

शेवटच्या घरी त्यांनी सहज विचारलं, "मावशी, मतदानाला सकाळीच निघाल ना?"

मावशी म्हणाली, "आमनं मत ते गावमा शे, भाऊ. शिरपूरले."

भाऊ तसेच उलटे फिरले. ज्या दारात विचारलं तिथं हेच. मतदारयादीतलं नाव इकडं आणलं तर गाव तुटेल, अशी सगळ्यांना धास्ती.

घरी येऊन ते वहिनींवर करवादले, "तू तरी बायकांना समजवायचं."

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "कोणत्या तोंडानं? माझंही गावालाच आहे."