विमानाचं तिसरं किट

औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब टाकून, पापण्या मिटून सुरेखा अर्ध्या तासापासून बाकावर बसली होती. शेजारी कुणी जोडपं येऊन टेकलं, आवाजावरून म्हातारं. खोका उघडला, मग प्लॅस्टिकचा खुळखुळाट झाला.

"हे छोटं विमान जोडायचं तिसरं किट, तेही भंगार. बघ भानुमती, विमानाच्या पोटाचे दोन अर्धे एकमेकांत बसतच नाहीत."

"अहो, इथं कशाला काढता? एखादा तुकडा पडला तर तुम्हाला सापडायचा नाही."

"आणि वैमानिकाच्या डोक्यावरची काच नुसती धुरकट. पूर्वी किती लख्ख यायची. आता साचेच झिजलेत यांचे."

"आणा इकडं."

बारीकसा 'टक्' आवाज आला.

"बसले की दोन्ही अर्धे."

"तू जोर लावला असशील."

"नाही लावला. काचही स्वच्छ आहे, आरपार माझं बोट दिसतंय."

प्लॅस्टिक पुन्हा खुळखुळलं.

"तरी परत कर. मागची दोन केलीस तसं."

"ती कुठं परत केलीत मी? तुमच्याच कपाटात वरच्या फळीवर आहेत. ऑपरेशन झाल्यावर बघाल म्हणून ठेवलीत."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही दर वेळी तारीख पुढं ढकलता. कितीदा बोलू मी तरी."

एकेक तुकडा सावकाश खोक्यात परत गेला. झाकण बसलं.

"त्या टेबलावरच्या बाईंना विचार, लवकरातली तारीख कोणती आहे ते."