बेटावरली ओटी

मी मूळची कोयनाकाठची. हौसा माझं नाव. आमचं गाव पाण्यात गेलं तवा मी परकरात हुते. धरण भरलं आन् आमच्या आबांना विट्याच्या पलीकडं माळावर जागा मिळाली, समदं गाव तिकडं गेलं, भांडीकुंडी, म्हसरं, पाटा-वरवंटासुदिक नेला. देवी तेवढी ऱ्हायली. ती टेकडावर बसलेली, निघायच्या आधी आबांनी तिला कौल लावला, दगडाच्या दोन्ही अंगांना वल्ली फुलं चिकटवली आन् येतीस का म्हणून ईचारलं, तर डावं फूल पडलं. डावं म्हंजी न्हाई. मग काय, तिथंच ठेवली. पाणी चढलं आन् त्या टेकडाचं बेट झालं.

मला दिली लोणंदला. कांद्याच्या वखारीत निवडायला जाते, अजून जाते. मालक लवकर गेलं, पोरगा पुण्याला, फोन करतो बिचारा. पर मालक गेल्यापास्नं हळदीकुकवाला कोण बोलवत न्हाई, शेजारीण कुकवाची डबी घेऊन माझ्या दारावरनं म्होरं जाती. राग येतो, लय येतो, खोटं कशाला बोलू.

पर बेटावर तसं न्हवतं. वैशाखात पाणी उतरलं की बामणोलीतनं लाँचनं जायचं, दुसरी वाटच न्हाई. दुकान न्हाई, घर न्हाई, भवतीनं नुसती वाळू. आन् गावाची रीत अशी, की त्या देवीची ओटी माहेरवाशिणीनं भरायची. नवरा हाय का मेलाय, कोण ईचारत न्हाई. मालक गेल्यावर पैल्या वर्षी मी मागं सरले, तर चुलती वराडली, आगं सटवे, तिला तू लेक हायस, म्होरं हो. काय सांगू तुम्हाला, म्होरं झाले आन् हुंदकाच फुटला.

मग चुलती गेली, बाकीच्या लेकी गुडघ्यानं घरात बसल्या, लाँचमधी मी आन् भाचा, भावाचा पोरगा, दोघंच उरलो. मागं एका साली त्यानं गावची माणसं संगं आणली. म्हणला, आत्ती, माळावरल्या आपल्या गावात देऊळ बांधलंय, रस्त्याला हाय, देवीला नेऊया. मी म्हणलं, आधी तिला ईचार. डावंच पडंल ह्याची मला खात्री. त्यानं फुलं लावली, आन् मी मनात, न्हाई म्हण बाई, न्हाई म्हण. उजवं पडलं. माणसं चांगभलं म्हणून वराडली. मी रडले. त्यांना वाटलं, म्हातारीला आनंद झाला.

नव्या देवळात फरशी हाय, पंखा हाय. ओटीला सवाशिणींची ही रांग. मी ताट घेऊन उभी, तर भाच्याची बायको, वाईट न्हाई हं ती पोरगी, हळूच म्हणली, आत्ती, ताट द्या माझ्याकडं, तुमच्या नावानं मी भरते. दिलं. भांडून काय करू?

औंदा वैशाखात एकटीच गेले बेटावर. लाँचवाला शंकर म्हणला, आवं आजी, देवी तर नेली, आता तिथं कोण हाय? म्हणलं, सोड मला, दिस कलला की ने. सोडलं त्यानं. वर जाऊन बघितलं तर देवीच्या जागी गवत. खाली येऊन वाळूत बसले. पाण्याच्या बुडाशी कुठंतरी आमचं घर, आन् वर मी एकटी. लोणंदलाबी एकटीच असते, पर तिथं ट्रकांचा तरी कालवा असतो. हितं हाक मारावी तर कुणाला? लय भकास वाटलं बघा.

पिशवीत ओटी हुती, सवयीनं आणलेली. खण, नारळ, तांदूळ. आता कुणाची भरायची? इकडं तिकडं बघितलं, बघायला कोण हुतं म्हणा. पदर पसरला आन् माझ्याच मुठीनं माझ्या पदरात तांदूळ घातलं, खण ठेवला, नारळ ठेवला. लेक माहेरास्नं मोकळी जाती व्हय कुठं? कुकवाला हात जरा थांबला, मग लावलंच.

शंकर आला, माझ्या कपाळाकडं बघितलं. हात देऊन वर घेतलं.

देवी तिकडं माणसांत सुखात ऱ्हावो, तुमचंबी भलं हुवो. मी तिच्यावर रुसले न्हाई. पाय चालत्यात तवर जाईन, आन् माझी मी भरीन.