गाडी नंबर तीनने उत्तर दिले होते

मी, वायरलेस मेकॅनिक, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला. मला कोणी बोलावलेले नाही. माझ्या पायाने ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

टाकीच्या माथ्यावर एकच अँटेना आहे. तिच्यावर चार ट्रान्समीटर चालतात: रुग्णवाहिका, अग्निशमन, बस आणि पाणीपुरवठा. चौघांची जोडणी खालच्या खोलीत आहे. ती बारा वर्षांपूर्वी मीच केली.

हवालदार म्हणाले, सोपे करून सांगा. चार भाडेकरूंना बाहेर पडायला एकच दार आहे, असे धरा. प्रत्येकाने बाहेर जावे, पण दुसऱ्याच्या खोलीत शिरू नये. त्यासाठी प्रत्येक ट्रान्समीटरपुढे आयसोलेटर नावाचा भाग असतो. तो आतले बाहेर जाऊ देतो, बाहेरचे आत येऊ देत नाही. तो नसला तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ट्रान्समीटरमध्ये घुसते, दोन्ही मिसळतात आणि भलत्याच तिसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट उठतो. हवालदार म्हणाले, कळले. कळले असे धरून पुढे सांगतो.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेस बसचा आयसोलेटर जळाला. नवा यायला दोन दिवस लागणार होते. बसवाल्यांनी डोके खाल्ले, म्हणून तोवर मी तिथे सरळ केबल जोडली. दोन दिवसांचे तीन आठवडे उलटले. भाग आला होता. कपाटात होता. बसवायचा राहिला.

या काळात मी दोनदा तपासणी केली. तपासणीत एकेक ट्रान्समीटर चालू करतात, बाकीचे बंद ठेवतात. एकेकटे चौघेही गुणी. हा घोळ दोघे एकाच वेळी बोलले तरच होतो. नवीन लागलेल्यांना हे मीच शिकवतो. तरी तक्ता एकेकट्याचाच होता, आणि तोही मीच बनवलेला. खाली 'ठीक' लिहून सही केली.

रुग्णवाहिका नंबर तीनचा ड्रायव्हर माझा साडू आहे. बावीस तारखेस सासूबाईंकडे जेवताना तो म्हणाला, की दुपारी दोनच्या सुमारास त्याचे बोलणे कंट्रोलपर्यंत पोचत नाही. मी म्हणालो, "तुझं बोलणं घरात तरी कोणापर्यंत पोचतं?" सगळे हसले. मेहुणीही हसली. तो मान खाली घालून जेवला आणि विषय पुन्हा काढला नाही. दोन वाजता बसची पाळी बदलते आणि पाण्याचे व्हॉल्व्हही उघडतात. दोघांचे वायरलेस एकदम चालू असतात. हे मला तेव्हाही माहीत होते.

पंचवीस तारखेस दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना पक्षाघाताचा झटका आला. मुलीने फोन केला. आमच्याकडे पद्धत अशी, की कंट्रोल आधी गाडीचा नंबर पुकारते आणि गाडीने उत्तर दिल्यावरच पत्ता सांगते. नंबर तीनला पुकारले. साडू दोन गल्ल्या सोडून उभा होता. आपण तीनदा उत्तर दिले, असे तो पहिल्यापासून सांगतो आहे. कंट्रोलला नुसती खरखर ऐकू आली. त्याने फोन लावला तर लाइन व्यस्त. त्या लाइनवर बाईंची मुलगीच होती. कंट्रोलने 'तीन नंबर, उत्तर नाही' अशी नोंद करून लांबची गाडी पाठवली. ती अडतीस मिनिटांनी पोचली. बाई वाचल्या. उजवा हात गेला.

साडू गाडीत झोपला होता असे ठरवून त्याला निलंबित केले. काल बाईंच्या भावाच्या तक्रारीवरून त्याला इथे आणले. खात्याच्या चौकशीत मला यंत्रणेबद्दल विचारले होते. मी तक्ता पुढे केला.

आज सकाळी मी एकटा त्या खोलीत गेलो. बस आणि पाणी, दोघांची बटणे एकदम दाबली. कंट्रोल ज्यावरून गाड्यांचे बोलणे ऐकते, त्या रुग्णवाहिकेच्या रिसीव्हरमधून खरखर आली. सोडली, थांबली. पुन्हा दाबली. असे किती वेळा केले ते सांगता येत नाही. मग कपाटातला भाग बसवला. दहा मिनिटांचे काम. पुन्हा बटणे दाबली तर चिडीचूप. काढलेली केबल सोबत आणली आहे, ती जमा करून घ्यावी.

साहेबांनी विचारले, नातेवाईकाला वाचवायला आलात का? नाते आहे म्हणून तर त्याचे बोलणे हसण्यावारी नेले. परक्या ड्रायव्हरने तक्रार केली असती तर दुसऱ्या दिवशी टाकीवर गेलो असतो. याची मला लाज वाटते, हेही लिहून घ्यावे.

जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात 'तांत्रिक बिघाडामुळे' असे आले होते. ते खोडायला लावले. यंत्राने मी जोडले तसेच काम केले. त्या जागी 'माझ्यामुळे' असे लिहिले आहे. साडू समोरच्या बाकावर बसला आहे. त्यालाही ऐकू जाईल असा जबाब पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घेतला. मी सांगितला तसाच आहे. सही करतो.