बिघडल्यावरच बोलणारी स्क्रिप्ट

सोमवारी सकाळी दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या जोडप्याचे हे संभाषण आहे. नवरा एका कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळणारा होता. कंपनीचा सगळा पत्रव्यवहार असलेली जुनी डिस्क त्याच दिवशी पुसली जाणार होती. त्या पत्रव्यवहाराची प्रत, म्हणजे बॅकअप, रोज आपोआप घेण्याचे काम एका छोट्या प्रोग्रामकडे, म्हणजे स्क्रिप्टकडे होते.

"अहो, किती वेळा तो फोन बघाल?"

"बॅकअप चुकला, तर स्क्रिप्ट मला मेल पाठवते."

"मग, आलाय का?"

"महिनाभर एकही नाही. म्हणजे सगळं आलबेल!"

"तर मग गाल धरून येरझाऱ्या कसल्या?"

"दात दुखतोय गं."

"दुखरा दात डावीकडे आहे. तुम्ही उजवा गाल धरलाय."

"तू ना, उगाच..."

"आणि ती स्क्रिप्टच बंद पडली असेल, तर मेल कोण पाठवणार?"

"काहीतरीच काय! थांब जरा, ऑफिसात फोन लावतो. हॅलो, अरे, बॅकअपची शेवटची फाइल कधीची आहे? काय? आपण सर्व्हर बंद करून चालू केला, त्या दिवसाची? म्हणजे स्क्रिप्ट नंतर चालूच झाली नाही! पुसायला घेतलीस का डिस्क? नाही ना? मग हातही लावू नकोस!"

"पुढचा पेशंट, या आत."

"ताई, दुसऱ्या कुणाला तरी घ्या," बायको पर्स उचलत म्हणाली. "यांचा दात आज निघत नाही."