चर्चच्या डोक्यावर दशम्या

अरे, ऐका तर! फ्रान्सला, बोर्दोत दोन वर्षं वास्तुकला शिकून मी अमेरिकेत घरी, कॅरीला परत आले, तेव्हा शेजारचे देशपांडे काका-काकू नेमके तिकडेच निघाले होते. मी त्यांना बघण्यासारख्या जागांची यादी दिली. सगळ्यात वर बोर्दोजवळच्या सेंत-एमिलियाँ गावातलं चर्च, अख्खं एका खडकात कोरलेलं. माझा प्रबंधच त्यावर होता. "बाकी सगळं स्किप करा, पण हे बघाच," म्हणून मी हात जोडले होते.

परत आल्यावर काका म्हणाले, "अगं, चर्च सापडलंच नाही. नुसता टॉवर दिसला. मग तिथेच फरशीवर बसून दशम्या खाल्ल्या." वर फोटोही दाखवला.

मी किंचाळलेच. "काका, चर्च जमिनीखाली आहे! तुम्ही त्याच्या डोक्यावर बसलाय!"

काका हसत सुटले. काकूंनी मात्र फोटो झूम केला, त्यातल्या आपल्या पायांकडे बघितलं आणि चटकन गालांवर मारून घेतलं. "देवाच्या डोक्यावर मी चपला घालून बसले गं!"

दोन वर्षं मी त्या चर्चच्या आत बूट घालून मोजमापं घेत फिरले होते, आणि हे एकदाही मनात आलं नव्हतं.